पोडावरची ऐंशी मतं: लहान समाजाला कोणती लोकशाही वाचवते?

केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम तरुणाचा प्रश्न आहे. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि पुढच्या वेळी ग्रामपंचायतीला उभं राहायचा विचार करतोय. त्याच्या प्रभागात तीनशे मतदार, त्यातले पोडावरचे, म्हणजे गावाबाहेरच्या कोलाम वस्तीतले, ऐंशी. राखीव जागा आहे, पण तिथे गावठाणातल्या लोकांना चालेल असाच माणूस निवडून येतो. ग्रामसभेत पोडाचा ठराव दरवेळी पडतो. तो विचारतो: "पुस्तकात संसदीय, अध्यक्षीय, संघराज्य, प्रमाणशीर प्रतिनिधित्व असे प्रकार दिले आहेत. वंशानं वेगळ्या आणि संख्येनं लहान समाजाचं रक्षण यातल्या कोणत्या प्रकारात होतं? की बहुमत म्हटलं की आम्ही हरलोच समजायचं?"

भाऊ, हरलोच असं समजू नका. मी पंचायतीच्या कामात एकतीस वर्षं काढली. आधी ग्रामसेवक होतो, मग विस्तार अधिकारी झालो, आणि निवृत्तीनंतर ग्रामसभांना प्रशिक्षण देतो. तुमचा प्रश्न मला पोडावर, पारध्यांच्या बेड्यावर आणि मेळघाटातल्या कोरकूंच्या ढाण्यावर अनेकांनी विचारला आहे. त्यांचे शब्द साधे असतात: "साहेब, आमचं कोन ऐकते?"

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण मला या विषयाचं पहिलं शिक्षण तिथेच मिळालं. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. नळयोजनेची टाकी कुठे बांधायची यावर ग्रामसभा होती. पोड गावापासून दोन किलोमीटरवर, चढावर. टाकी गावठाणात बांधली तर पोडावर पाणी चढणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. कोलाम मंडळी मागे, चपला काढल्या होत्या तिथे बसली होती. सरपंचांनी ठराव वाचला, हात वर करायला सांगितलं. टाकी गावठाणात हवी म्हणणारे हात शंभरावर, विरोधात तीसेक. मी इतिवृत्तात लिहिलं, "बहुमताने मंजूर." सभा उठल्यावर पोडाचा नाईक माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "आमचे हात तुमी मोजले ना? मंग ते वहीत कुठी हायेत?" वहीत ते कुठेच नव्हते. विरोध किती जणांचा, कशासाठी, पर्याय काय सुचवला, यातलं काहीही मी लिहिलं नव्हतं. पुढे तो ठराव पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत गेला, तेव्हा वाचणाऱ्याला वाटलं असणार की गाव एकदिलाचं आहे. मतदान नियमानं झालं होतं. माझ्या चुकीमुळे एक अख्खी वस्ती कागदावरून पुसली गेली. पोडाला पाणी मिळायला पुढे किती वर्षं गेली ते मी पाहिलंय, म्हणून हे आजही मनाला लागून आहे.

तेव्हापासून कोणतीही राज्यपद्धती समोर आली की मी एकच गोष्ट तपासतो: आज हरलेला माणूस उद्या जिंकू शकतो का? हा विचार माझा नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. भाषावार राज्यांच्या प्रश्नावर १९५५ साली लिहिताना त्यांनी राजकीय बहुमत आणि जमातीचं बहुमत यांत फरक केला होता. राजकीय बहुमत घडतं आणि मोडतं. आज कापसाच्या भावावर एका बाजूला असलेला शेतकरी उद्या विजेच्या प्रश्नावर दुसरीकडे जातो. जमातीचं बहुमत मात्र जन्मानं ठरलेलं असतं, त्यात बाहेरच्याला जागा नसते. टाकीच्या ठरावात तुमचं मत मातीवरून, उतारावरून, पैशावरून हरलं असतं तर पुढच्या वेळी जिंकायची आशा होती. पण तुम्ही कोलाम म्हणून हरत असाल, तर दर वेळी तेवढेच हात वर होणार. अशा ठिकाणी नुसती मतं मोजून न्याय होत नाही. मत कोणाच्या सभेत मोजायचं, कसं मोजायचं, आणि कोणत्या विषयावर मुळात मोजायचंच नाही, हे बदलावं लागतं. लोकशाहीचे जे प्रकार तुम्ही वाचलेत, ते सगळे याच तीन ठिकाणी हात घालतात.

तुम्ही "वंश" हा शब्द वापरलात, त्याबद्दल दोन ओळी. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे शब्द ओळीनं आले आहेत. भारतानं १९६८ साली मान्य केलेल्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात रंग आणि कुळ हेही शब्द आहेत. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, कोरकू मुंडा कुळातली. पण रक्ताच्या चर्चेत पडू नका. जन्मावरून एखाद्या समाजाची जागा कायमची ठरवली जाते का, तेवढं बघा. पारध्यांसारख्या समाजांना १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार धरलं जात होतं, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं.

आता संसदीय आणि अध्यक्षीय. हे समजायला दिल्ली-वॉशिंग्टनला जायची गरज नाही, तुमच्या सरपंचपदात दोन्ही पाहायला मिळतात. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत आली, २०२० साली ती रद्द झाली आणि २०२२ साली परत आली. सदस्यांनी सरपंच निवडायचा तेव्हा ती छोटी संसदीय पद्धत असते. नऊ सदस्यांत चार-चारचे दोन गट पडले की उरलेल्या एकाला किंमत येते. तो पोडावरचा असेल तर दोन्ही गट त्याच्या दारात येतात. हातपंप, अंगणवाडी, स्मशानाचा रस्ता असं काही तरी तो पदरात पाडून घेऊ शकतो. थेट सरपंच म्हणजे छोटी अध्यक्षीय पद्धत. अख्ख्या गावातून एकच माणूस निवडायचा, आणि एका पदाचे तुकडे करून वाटता येत नाहीत. पोडाची ऐंशी मतं गावाच्या दीड हजारात विरघळतात. लढत अटीतटीची असेल तर उमेदवार पोडावर येतो, हेही मी पाहिलंय, पण तो निवडणुकीच्या आधी येतो. संसदीय पद्धतीत गरज पाच वर्षं टिकते. म्हणून लहान समाजासाठी मी संसदीय पद्धतीला झुकतं माप देतो. १९४८ साली घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याच मुद्द्यावर भर दिला होता: अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत रोजच्या रोज जाब विचारता येतो.

पण संसदीय पद्धत असली म्हणजे झालं, असं नाही. श्रीलंकेचं उदाहरण नीट वाचा. स्वातंत्र्याच्या वेळी तिथे ब्रिटिश धर्तीची संसद होती, न्यायालयं होती, आणि कोणत्याही एका जमातीवर किंवा धर्मावर भेदभावाचं बंधन घालणारा कायदा करू नये असं एकोणतिसावं कलमही होतं. तरी १९४८ च्या नागरिकत्व कायद्यानं चहाच्या मळ्यांतले बहुसंख्य भारतीय वंशाचे तमिळ नागरिकत्वाबाहेर गेले, आणि मग त्यांचा मताधिकारही गेला. १९५६ साली सिंहली ही एकटीच राजभाषा झाली. बहुमत जन्माचं होतं, आणि दोन मोठे पक्ष एकमेकांपेक्षा जास्त सिंहली कोण याची शर्यत लावत होते. कागदावरचं कलम त्या शर्यतीला थांबवू शकलं नाही.

आता तुमच्या हिशेबाच्या मुद्द्यावर येतो. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण हा मुद्दा गावात कोणीच समजावून सांगत नाही.

तुमच्या प्रभागात तीन जागा आहेत असं धरू: अ, ब, क. मतदाराला तीन मतं, प्रत्येक जागेला एक. मतदार तीनशे, तुम्ही ऐंशी, बाकी दोनशेवीस. 'अ' जागेवर ८० विरुद्ध २२०, तुम्ही हरलात. 'ब' वर तेच, 'क' वर तेच. प्रभागात चौथ्या हिश्श्याहून जास्त असूनही तुम्हाला स्वतःच्या बळावर तीनपैकी शून्य जागा मिळतात. आता नियम एवढाच बदला की मतदारानं आपली तीनही मतं हवी तर एकाच उमेदवाराला द्यावीत, आणि सगळ्यांत जास्त मतं मिळवणारे तिघं निवडून यावेत. तुमच्या ऐंशी जणांची २४० मतं एकाच माणसावर पडतील. बाकीच्यांकडे ६६० मतं आहेत. ती त्यांनी तिघांत सारखी वाटली तर प्रत्येकी २२०. म्हणजे तुमचा माणूस पहिला येतो. गाव तेच, माणसं तीच, कोणाचं मत बुडालं नाही, कोणासाठी जागा राखीव ठेवली नाही. फक्त मोजणी बदलली. तीन जागांच्या प्रभागात चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त असलात आणि एकजूट राहिलात की एक जागा तुमची, ती कोणी रोखू शकत नाही. याला एकवट मतदान म्हणता येईल.

हे पुस्तकी स्वप्न नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या चिल्टन काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) कृष्णवर्णीयांची संख्या आठव्या-नवव्या हिश्श्याच्या आसपास होती. मताधिकार कायद्याखालच्या दाव्यात तडजोड होऊन १९८८ साली सात जागांसाठी हीच पद्धत लागू झाली, आणि काउंटीच्या मंडळावर पहिल्यांदाच कृष्णवर्णीय सदस्य निवडून आला. बाबासाहेबांनीही १९५५ च्या त्याच लेखनात अल्पसंख्यांच्या रक्षणासाठी दोन-तीन जागांचे मतदारसंघ आणि एकवट मतदान सुचवलं होतं. आपल्याकडे बहुसदस्य प्रभाग आले, पण एकवट मत आलं नाही. त्यामुळे खोकं मिळालं आणि किल्ली राहून गेली. हा बदल विधिमंडळानं कायदा बदलला तरच होईल, पुढच्या निवडणुकीत तो तुमच्या कामाचा नाही. पण तुम्ही शिकणारे आहात, उद्या कुठे तरी बोलायची वेळ येईल, तेव्हा हा हिशेब बोटांवर मांडून दाखवता यावा म्हणून एवढं लिहिलं.

राखीव जागेबद्दलची तुमची तक्रार खरी आहे, आणि ती फार जुनी आहे. १९३२ साली ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात दलितांना प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. म्हणजे त्या जागांवर मतही त्यांचंच. २४ सप्टेंबरच्या पुणे करारानं जागा १४८ झाल्या, पण अंतिम मतदान सगळ्यांचं झालं. सुरुवातीच्या काळापुरती एक गाळणी ठेवली होती: आधी फक्त दलित मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग त्यांच्यातून सर्वांनी एक. पुढे ती गाळणीही गेली. याचा परिणाम काय होतो ते आपल्या भंडाऱ्यानं पाहिलं आहे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब उभे होते. ते हरले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता आले. ज्यांनी देशाची घटना घडवली त्यांनाही संयुक्त मतदानात राखीव जागा जिंकता आली नाही. मग तुमच्या प्रभागात गावठाणाच्या पसंतीचा माणूस येतो याचं नवल वाटायला नको. दोष तुमच्या उमेदवारात शोधू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. राखीव जागा "अनुसूचित जमाती"ची असते, कोलामांची नसते. यवतमाळ जिल्ह्यात गोंड, परधान, आंध हेही जमातींच्या यादीत आहेत आणि अनेक गावांत त्यांची घरं जास्त आहेत. महाराष्ट्रात केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित ठरवलेल्या जमाती तीन: कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड. असुरक्षित ठरवल्यामुळे योजना मिळतात, पण पंचायतीत वेगळी जागा मिळत नाही. म्हणजे लहानातही लहान असाल तर आरक्षण तुमच्या दारापर्यंत येईलच असं नाही. हे बोलताना गोंड-परधान भावांशी वैर होऊ देऊ नका. जंगलाच्या प्रश्नावर तुम्हाला तेच जवळचे आहेत.

न्यूझीलंडची तऱ्हा मला इथे शिकण्यासारखी वाटते. तिथे १८६७ साली माओरींसाठी चार जागा ठेवल्या. त्यांची लोकसंख्या वाढली तरी सव्वाशेहून जास्त वर्षं जागा चारच राहिल्या, त्यामुळे नुसती राखीव जागा म्हणजे कोंडवाडाही होऊ शकतो. १९९६ पासून मिश्र प्रमाणशीर पद्धत (पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा) आली आणि माओरी यादीत किती जण नाव नोंदवतात त्यावर जागा ठरू लागल्या. आता त्या सात आहेत. माओरी यादीत राहायचं की सर्वसाधारण यादीत, हे मतदार स्वतः ठरवतो. मला त्यात आवडतं ते एवढंच: त्या जागेवर कोण बसणार हे त्याच समाजाच्या मतावर ठरतं, आणि कोणावर सक्ती नाही.

पुणे करारातली ती गाळणी तुम्ही आजही आपल्या हातानं लावू शकता. अर्ज भरायच्या आधी चावडीत बसा आणि एक नाव ठरवा. दोन कोलाम उमेदवार उभे राहिले की गावठाणाला तुमच्यातला हवा तो निवडायची मोकळीक मिळते. एकच राहिला तर निदान तो तुम्ही निवडलेला असतो.

संघराज्याबद्दल लोकांचा समज असतो की सत्ता जितकी खाली तितकी ती माणसाच्या जवळ, म्हणून चांगली. मी आयुष्यभर पंचायतीचं काम केलं, पंचायतीवर माझा जीव आहे, तरी हे पूर्ण खरं नाही. अमेरिकेत १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळांतलं वर्णभेदी विभाजन घटनाबाह्य ठरवलं. १९५७ साली अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींना शाळेत शिरू न देण्यासाठी राज्याच्या गव्हर्नरनं सैनिक उभे केले, आणि राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरना केंद्राची फौज पाठवून त्या मुलांना वर्गात न्यावं लागलं. राज्याची स्वायत्तता तिथे वंशभेदाची ढाल झाली होती. बाबासाहेब खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हणत, ते ऐकून माझ्यातल्या ग्रामसेवकाला वाईट वाटायचं. मग २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तिथेही ग्रामपंचायत होती, मतदार यादी होती, निवडणुका होत होत्या. त्या गावात दलितांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इतक्या कमी घरांना कोणतीही मतमोजणी वाचवत नाही, एकवट मतसुद्धा नाही. तिथे वेळेवर पोहोचणारा पोलीस, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि गावाबाहेरचं न्यायालय एवढाच आधार, आणि तो आधार उशिरा आला तर माणसं मरतात. म्हणून गावाला जितके अधिकार द्यायचे तितकंच गावातून बाहेर पडणारं दारही उघडं ठेवलं पाहिजे, यावर मी ठाम आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा उभे आहेत. १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत त्यांनी सुनावलं होतं की आदिवासींना लोकशाही शिकवता येणार नाही, लोकशाहीची रीत त्यांच्याकडूनच शिकावी लागेल. बाबासाहेबांचं खेडं आणि जयपालसिंगांची वस्ती यांत मला विरोध दिसत नाही. बाबासाहेब ज्या खेड्याबद्दल बोलत होते तिथे एक समाज दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेला होता. जयपालसिंग ज्या वस्तीबद्दल बोलत होते तिथे माणसं एकमेकांच्या शेजारी बसलेली होती. तुमचं पोड दुसऱ्या प्रकारचं आहे, पण कागदोपत्री ते पहिल्या प्रकारच्या गावात बांधून टाकलेलं आहे.

ही गाठ सोडवायची सोय कायद्यात आहे, आणि मी हे सगळं लिहितोय ते मुख्यतः यासाठी. २४ डिसेंबर १९९६ चा पेसा कायदा बघा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या (सरकारनं आदिवासी भाग म्हणून जाहीर केलेल्या) पंचायतींचा कायदा. त्याच्या चौथ्या कलमात गावाची व्याख्या महसुली नाही. आपल्या परंपरेनुसार आपला कारभार चालवणाऱ्या समाजाची वस्ती, वस्त्यांचा समूह किंवा पाडा म्हणजे गाव. त्या गावाची मतदार यादीतली सगळी माणसं म्हणजे त्याची ग्रामसभा. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले. वस्तीतल्या बहुसंख्य मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे मागणी करायची, तपासणी होऊन ते गाव अधिकृतपणे जाहीर होतं. एकदा जाहीर झालं की पोडाची ग्रामसभा वेगळी. गावठाणाच्या सभेत तुम्ही दीड हजारांत ८० होतात, तुमच्या सभेत तुम्ही ८० पैकी ८०. गौण वनोपज, पाणवठे, गावात कोणती योजना आधी घ्यायची, हे विषय त्या सभेपुढे येतात. आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के अबंध (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतला तुमचा वाटा ग्रामसभेच्या कोषात येतो. अनुसूचित क्षेत्रात पंचायतीच्या निम्म्याहून कमी जागा जमातींना ठेवता येत नाहीत आणि सरपंचपद जमातीचंच असतं.

हे काम पुढे कुठवर जाऊ शकतं हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावानं दाखवलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी वर्षानुवर्षं बसून बोलत राहिले. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. तेव्हा ते मोठ्या लेखा गट ग्रामपंचायतीतलं एक गाव होतं, पण निर्णय आपल्या सभेत आणि सर्वसहमतीनं. हात वर करून मोजणी नाही. एक जण जरी अडला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. मी पोडावरच्या चावडीतही हेच पाहिलंय. मोह वेचायच्या हद्दीवर एकदा चार रात्री बोलणं चाललं होतं. कोलामीतलं मला थोडंच कळत होतं, पण एक म्हातारी दर वेळी मान हलवायची आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. चौथ्या रात्री तिनं स्वतःच हद्दीचा दगड कुठे ठेवायचा ते सांगितलं. त्या निर्णयावर पुढे कोणी तंटा केला नाही.

आणि "नाही" म्हणायची ताकदही ग्रामसभेत आहे. ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही ठिकाणी डोंगरिया कोंध आदिवासींनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी नकार दिला आणि खाण थांबली. राज्यात त्यांची संख्या मूठभर, पण प्रश्न योग्य सभेपुढे आला म्हणून ते टिकले.

आता तुमचं काम. तुमचं गाव अनुसूचित क्षेत्राच्या यादीत आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथून सुरू होतं. मेळघाटात धारणी आणि चिखलदरा हे तालुके अख्खे यादीत आहेत. यवतमाळ जिल्ह्यात मात्र केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव भागातली गावं १९८५ च्या आदेशात एकेक वेचून घेतली आहेत, त्यामुळे एक गाव आत आणि शेजारचं बाहेर असं होतं. पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयात यादी पाहा. नाव महसुली गावाचं असेल, पोडाचं शोधू नका.

गाव यादीत असेल तर पोडाला गाव जाहीर करायचा ठराव घ्या. यादीत नसेल तर पेसा लागू नाही, पण २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे, आणि त्यात तुमच्यासारख्या जमातींसाठी अधिवासाचा, म्हणजे समाज पिढ्यानपिढ्या वावरत आला त्या प्रदेशावरचा, वेगळा हक्क लिहिलेला आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला लागतात. कापूस वेचणीच्या दिवसांत सभा ठेवू नका, बाया शेतावर असतात आणि गणपूर्ती अडते. प्रभागरचनेचा मसुदा लागला की नकाशा पाहा. पोड दोन प्रभागांत फोडलं असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्या, पोच घ्या. ऐंशीचे चाळीस-चाळीस झाले तर वर मांडलेला कोणताही हिशेब उपयोगी पडत नाही.

गावाच्या ग्रामसभेतही जात राहा. ठराव पडला तरी विरोध किती जणांचा, कोणत्या कारणानं आणि तुमचा पर्याय काय, हे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि वही मिटायच्या आधी ते वाचून दाखवायला सांगा. ग्रामसेवक टाळाटाळ करत असेल तर तिथेच कागदावर लिहून, सह्या-अंगठे करून अर्ज म्हणून द्या. वर अपील करायची वेळ आली, अनुसूचित जमाती आयोगाकडे जायची वेळ आली, तर पहिला कागद हाच मागतात.

पोडाच्या ठरावाचा मसुदा मराठीत करावा लागेल. सह्या घेण्याआधी तो चावडीत कोलामीत सांगा, एकेक ओळ. पुरुषांच्या सह्या एका संध्याकाळी होतील. बायांसाठी दुसरी संध्याकाळ ठेवा, आणि त्यांनी एखादी ओळ बदलायला लावली तर मसुदा पुन्हा लिहा. हद्द लिहिताना नाल्यांची, डोंगरांची तुमच्या भाषेतली नावं घाला आणि तुमचा देवही त्या हद्दीत लिहा. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासोबत हद्दीवरून चालायला नाईक आणि दोन जाणत्या बाया असू द्या. कागद तयार झाला की मला दाखवा, मी ओळ न ओळ वाचून देईन.